कळ आणि कळकळ



आज ३० जानेवारी. बापूंचा, म्हणजे महात्मा गांधींचा, हा स्मृतिदिन आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणूनही पाळला जातो. मेंदू आणि मज्जासंस्था माणसाचे वागणे कसे घडवतात, या विषयावर बोलावे असे संयोजकांनी सुचवले. वर्ध्यात हा विषय मांडायचा तर मला कुष्ठरोगापासूनच सुरुवात करावीशी वाटते. त्वचेचा रोग म्हणून तो ओळखला जातो. मुळात तो नसांचा रोग आहे. नस बधिर झाली की माणसाचे चालणे, धरणे, जपणे कसे बदलते, हे या रोगाइतके स्पष्ट दुसरा कोणताही रोग दाखवत नाही.

विद्यार्थिदशेत मी पहिल्यांदा पाहिलेली एक साधी तपासणी सांगतो. रुग्णाला समोर बसवायचे. डोळे मिटायला सांगायचे. कापसाच्या टोकाने त्वचेला हलकेच स्पर्श करायचा आणि जिथे स्पर्श जाणवेल तिथे बोट ठेवायला सांगायचे. त्या माणसाने खांद्यावर बोट ठेवले, दंडावर ठेवले. मग कापूस फिक्या चट्ट्यावर टेकला. तो माणूस डोळे मिटून शांत बसून राहिला, पुढच्या स्पर्शाची वाट पाहत. स्पर्श झाला होता. त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. ती शांतता मी आजही विसरलेलो नाही.

मराठीत वेदनेला आपण ‘कळ’ म्हणतो. समजण्याला ‘कळणे’ म्हणतो. दुसऱ्यासाठी जीव तुटतो त्याला ‘कळकळ’ आणि ‘कळवळा’ म्हणतो. व्युत्पत्तीत मी शिरत नाही. पण हे शब्द जिभेवर शेजारी शेजारी येतात, आणि आजचे माझे सगळे म्हणणे त्यांच्यात सामावले आहे. जिथे कळ पोचते, तिथे माणूस न सांगता जपतो. जिथे ती पोचत नाही, तिथे काय करायचे? हा प्रश्न बधिर पायाचा आहे, आणि समाजाचाही आहे.

न सांगता होणारे जपणे

तुम्ही इथे अर्ध्या तासापासून बसला आहात. एवढ्या वेळात प्रत्येकाने कित्येकदा बूड हलवले, मांडी बदलली, वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर नेले. कोणी ठरवून केले नाही. दाबाखाली रक्तपुरवठा कमी झाला, त्वचेखालच्या तंतूंनी बारीकशी तक्रार केली, शरीराने ती ऐकली. चपलेत खडा आला की पाऊल आपोआप तिरपे पडते. टाचेला फोड आला की माणूस लंगडतो. लंगडणे हे शरीराचे शहाणपण आहे. दुखऱ्या जागेला विश्रांती मिळावी म्हणून सगळी चालच बदलली जाते.

चटका बसला की हात मागे येतो तो मेंदूला कळण्याच्या आधी. निरोप त्वचेतून मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच स्नायूंना आज्ञा सुटते. इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी या प्रतिक्षिप्त क्रियांचा आयुष्यभर अभ्यास केला. १९०६ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथाने मज्जासंस्थेकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ठेच लागल्यावर एक तीक्ष्ण कळ लगेच येते आणि क्षणभराने दुसरी, खोल, ठसठसणारी येते, हा अनुभव सर्वांचा आहे. पहिली वेगवान तंतूंमधून येते. दुसरी सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर जाणाऱ्या बारीक तंतूंमधून येते. पहिली सांगते, पाय काढ. दुसरी सांगते, आता या पायाला दोन दिवस सांभाळ. पहिल्या कळेने हालचाल घडते, दुसरीने वर्तन.

स्पर्शाचेही तसेच. माणसाच्या एका तळहातात आणि त्याच्या बोटांत मिळून स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० तंतू असतात. पाण्याचा पेला आपण नेमक्या किती जोराने धरतो? निसटणार नाही इतक्या जोराने, आणि त्याहून थोड्या जास्त. १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये झालेल्या प्रयोगांनी दाखवले की वस्तू किंचित घसरू लागली तर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत बोटांची पकड आवळली जाते. बोटे औषधाने बधिर केली, तर हा हिशेब बिघडतो आणि माणूस गरजेपेक्षा फार जोराने धरू लागतो.

आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांकडे पाहावे. वाळलेल्या बोंडाची टोके सुईसारखी असतात. तिची नजर पुढच्या झाडावर असते आणि बोटे टोके चुकवून कापूस काढत असतात. चरख्यावर किंवा टकळीवर सूत काढणाऱ्याचेही तसेच. पेळूतून तंतू किती ओढायचा, कुठे सैल सोडायचा, हे चिमटीला कळते. डोळ्यांना कळेपर्यंत सूत तुटलेले असते. वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबा भावे यांनी कताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग केला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची मांडणी झाली, तेव्हा हाताच्या उद्योगाला शिक्षणाचे केंद्र मानले गेले. मज्जासंस्थेचा अभ्यासक म्हणून मला त्या आग्रहात एक खोल सत्य दिसते. हात मेंदूची आज्ञा पाळतो तितकाच तो मेंदूला शिकवतोही.

निरोप तुटतो तेव्हा

नॉर्वेच्या गेरहार्ड हान्सेन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू शोधला. हा जंतू फार सावकाश वाढतो. त्याचे एकदा विभाजन व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. मज्जातंतूंभोवती वेष्टण घालणाऱ्या श्वॉन पेशी हे त्याचे आवडते घर. त्याला थंडावा लागतो, म्हणून शरीराच्या आतल्या भागांपेक्षा त्वचेजवळून जाणाऱ्या नसा तो गाठतो. कोपर आपटल्यावर ज्या नसेमुळे करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, ती नस. मनगटातून अंगठ्याकडे जाणारी नस. गुडघ्याच्या बाहेरून पावलाला उचलणारी नस. घोट्यामागून तळपायाला जाणारी नस. आणि पापणी मिटवणारी चेहऱ्यावरची नस.

मेंदूने आपल्या पृष्ठभागावर शरीराचा जो नकाशा जपला आहे, त्यात हात आणि चेहरा यांना सर्वांत मोठी जागा आहे. ज्या अवयवांनी माणूस जगाशी बोलतो, नेमके तेच हा रोग मुके करतो.

शतकानुशतके लोक समजत आले की या रोगाने मांस सडते आणि बोटे झडतात. ही समजूत बदलण्यात पॉल ब्रँड या शल्यविशारदाचा वाटा मोठा आहे. १९१४ साली तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात जन्मलेले ब्रँड १९४६ पासून वेल्लोरला काम करू लागले. एकदा एका कोठीचे गंजलेले कुलूप त्यांच्याने उघडेना. कुष्ठरोग झालेला एक किरकोळ मुलगा पुढे आला आणि त्याने किल्ली फिरवून दाखवली. ब्रँड यांनी त्याचा हात पाहिला. बोट हाडापर्यंत कापले गेले होते आणि मुलाला पत्ता नव्हता. रात्रीतून काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे नाहीसे होत. पाळत ठेवल्यावर कळले की झोपेत उंदीर कुरतडतात आणि माणूस जागा होत नाही. मग त्या वस्तीत मांजरे पाळली गेली. ब्रँड यांचा निष्कर्ष असा होता : रोग बोटे खात नाही. रोग कळ हिरावतो, आणि कळ गेली की रोजचे जगणेच बोटांना झिजवते. गरम भांडे, खुरप्याची मूठ, चपलेतला खिळा, आणि मग चिघळलेली जखम.

डोळ्यांचे उदाहरण तर अधिक हृदयद्रावक आहे. बुबुळाचा पृष्ठभाग कोरडा पडू लागला की त्याची सूक्ष्म जाणीव होते आणि पापणी लवते. मिनिटाला पंधराएक वेळा आपण हे करतो. बुबुळ बधिर झाले की ही जाणीवच उठत नाही. पापणी लवत नाही. डोळा उघडा राहून वाळतो, त्याला जखमा होतात आणि एक दिवस दिसायचे थांबते. पापणी लवणे हे वर्तन इतके क्षुल्लक की आपण त्याला वर्तन म्हणतही नाही. आणि दृष्टी टिकते ती त्याच्यावर.

आता मला एका अन्यायाबद्दल बोलायचे आहे. पायाला व्रण असलेला माणूस त्याच पायावर पूर्ण भार देऊन, न लंगडता, झपझप चालत जातो. पाहणारे म्हणतात, किती निष्काळजी आहे हा! दवाखान्यात पट्टी करून दिली, आणि पुन्हा वावरात निघाला. घरचे म्हणतात, सांगून सांगून थकलो. पण त्याला लंगडायला सांगणारी कळच येत नाही. आपण ज्याला काळजी म्हणतो, तिचा फार मोठा भाग आपण कमावलेला नसतो. तो आपल्या नसा आपल्याला फुकट पुरवत असतात. नसांचा दोष आपण स्वभावाच्या खात्यावर मांडतो. कुष्ठरोग्याच्या बाबतीत आपण हे केले. झटके येणाऱ्या मुलाच्या, विसरभोळ्या होत चाललेल्या आजीच्या, एका जागी बसू न शकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत आजही करतो. कोणाच्याही वागण्यावर निकाल देण्यापूर्वी त्याच्यापर्यंत निरोप पोचतो आहे का, एवढे विचारायला मज्जासंस्थेच्या अभ्यासाने मला शिकवले.

माहिती पुरत नाही

मग माणसाला धोक्याची माहिती दिली तर? ब्रँड यांनी हाही प्रयत्न केला. पुढे अमेरिकेत लुइझियानातील कारव्हिल इथे काम करताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम वेदना तयार करायचे ठरवले. हातमोज्यात दाब मोजणारी उपकरणे बसवली. दाब वाढला की कानाशी आवाज व्हायचा. रुग्ण हुशार होते, त्यांना आवाजाचा अर्थ ठाऊक होता. तरीही हातातले काम पुरे करायचे असले की ते आवाजाकडे दुर्लक्ष करत. मग शरीराच्या ज्या भागात संवेदना शाबूत होती तिथे विजेचा झटका द्यायची सोय केली. झटका नको असला की लोक यंत्र बंद करत, काम उरकत आणि पुन्हा चालू करत. अखेर तो प्रकल्प सोडून द्यावा लागला.

मेंदू आणि वर्तन यांच्याबद्दल मला ठाऊक असलेल्या प्रयोगांत हा मला सर्वांत बोलका वाटतो. वेदनेची सूचना आणि वेदना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सूचना बाजूला ठेवता येते; वेदना ठेवू देत नाही. धोका माहीत असूनही माणसे तंबाखू का सोडत नाहीत, हेल्मेट का घालत नाहीत, याचे उत्तर याच्या आसपास आहे. माहिती डोक्यात जाते. वागणे बदलायला ती अंगात उतरावी लागते.

कायमची गेलेली कळ परत आणता येत नाही आणि माहिती पुरत नाही. उरतो तिसरा मार्ग : नजर आणि सवय. बधिर पायाच्या माणसाने रोज ठरल्या वेळी पाय पाहायचे. पाण्यात वीसेक मिनिटे भिजवायचे, जाड झालेली कातडी हलक्या हाताने घासायची, तेल लावायचे. तळव्याखाली मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या (एमसीआर) रबराची चप्पल घालायची, आणि घालण्यापूर्वी आत हात नव्हे, डोळा घालून पाहायचे. हातही बधिर असू शकतो. रोज त्याच वेळी, त्याच जागी केलेली गोष्ट मेंदूच्या आतल्या केंद्रांत बसत जाते आणि काही महिन्यांनी ती करायला निश्चय लागत नाही. जे नसा फुकट देत होत्या ते माणूस अशा रीतीने कष्टाने परत मिळवतो. मी अशी माणसे पाहिली आहेत. रात्री जेवणानंतर उजेडात बसून एक पाय मांडीवर घेऊन, हातात छोटा आरसा धरून ती तळवा पाहतात. त्या दृश्यात मला प्रार्थनेइतकी एकाग्रता दिसली आहे.

हाताच्या शस्त्रक्रियेतही हेच घडते. वाकड्या झालेल्या बोटांना सरळ करण्यासाठी एका निरोगी स्नायूची दोरी सोडवून दुसऱ्या जागी जोडतात. शल्यविशारदाचे काम काही तासांत संपते. नंतर कित्येक आठवडे रुग्ण आणि व्यायामोपचार देणारी ताई समोरासमोर बसतात. जो स्नायू जन्मभर बोट मिटवत होता, त्याने आता वेगळे काम करायचे असते, आणि ते मेंदूला शिकवायचे असते. पहिल्या दिवशी काहीच हलत नाही. मग एक दिवस बोट थरथरते.

मेंदूने जपलेल्या शरीराच्या नकाशाची आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हात किंवा बोट अचानक कापले गेले तर ते अजून तिथेच आहे असे माणसाला जाणवत राहते. १९५६ साली मरियाने सिमेल या संशोधिकेने दाखवले की कुष्ठरोगात वर्षानुवर्षे झिजत गेलेल्या बोटांबाबत असा भास होत नाही. हळूहळू होणाऱ्या तोट्याची मेंदू तक्रार करत नाही. हे वाक्य मी समाजाबद्दलही म्हणू इच्छितो.

समाजाची नस

कुष्ठरोग झालेला माणूस समोर आला की इतरांच्या मज्जासंस्थेत काय घडते? भीती जागवणारे अमिग्डला नावाचे केंद्र आणि किळस जाणवणारा इन्सुला हा भाग विचारापेक्षा जलद चालतात. पाऊल मागे पडते, चेहरा वळतो. मूल आईचा वळलेला चेहरा पाहते आणि तेच शिकते. मेंदूच्या चित्रणाच्या प्रयोगांतून दिसले आहे की दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची किळस पाहतानाही आपला इन्सुला जागा होतो. पण जवळच्या माणसाला कळ येताना पाहून जे भाग जागे होतात, त्यांतही इन्सुला आहेच. म्हणजे किळस आणि कळवळा यांची वाट काही अंतर एकच आहे. पुढे कोणत्या बाजूला वळायचे, हे शिकावे लागते.

आपल्याच हिंगणघाटला २६ डिसेंबर १९१४ रोजी जन्मलेल्या मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, यांनी ते शिकून दाखवले. वरोऱ्यात पावसात पडलेला, बोटे झडलेला, मरणासन्न कुष्ठरोगी तुळशीराम दिसला तेव्हा बाबा आमटे घाबरून पळाले. निर्भय म्हणवणारा तरुण पळाला, हे त्यांनी कधी लपवले नाही. मग ते परत गेले, त्याला आडोसा केला, खाऊ घातले, शेवटपर्यंत त्याची सेवा केली. पळणे हे मज्जासंस्थेचे होते. परत येणेही मज्जासंस्थेचेच होते. मेंदूच्या पुढच्या भागाला जुन्या भीतीला पुन्हा पुन्हा सामोरे जाऊनच ती विझवावी लागते. एकदा परत गेलेला माणूस दुसऱ्यांदा थोडा कमी घाबरतो. त्यातून कुष्ठरोग्यांचे आनंदवन उभे राहिले.

त्याच्या आधी सेवाग्रामला परचुरे शास्त्री आले होते. संस्कृतचे विद्वान, येरवड्याच्या तुरुंगात बापूंचे सहबंदी, अंगभर कुष्ठरोग. बापूंनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीजवळ झोपडी बांधवली आणि स्वतःच्या हाताने त्यांचे अंग चोळले. ती झोपडी आजही आश्रमात उभी आहे. आज आपल्याला माहीत आहे की हळुवार फिरणारा हात टिपण्यासाठी त्वचेत वेगळे, संथ तंतू असतात. आपुलकीचा स्पर्श तेच इन्सुलापर्यंत नेतात. कुष्ठरोगात बारीक तंतू आधी जातात. त्यामुळे मला वाटते, बापूंच्या त्या स्पर्शातला काही भाग शास्त्रीजींच्या त्वचेला कळलाही नसेल. पण तो त्यांच्या डोळ्यांना कळला, आणि आश्रमात पाहत उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळला. वळलेला चेहरा पाहून मूल जसे शिकते, तसेच पुढे झालेला हात पाहूनही शिकते.

वर्ध्याने काय केले

१९३६ साली विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत बापूंनी कुष्ठसेवेला स्थान दिले, तेव्हा या कामाचा आवर्जून उल्लेख केला. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठान वर्ध्यात स्थापन झाले आणि डॉ. वर्देकर यांच्या नेतृत्वाखाली एक पद्धत घडली : सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहायची नाही. कार्यकर्त्याने सायकल घेऊन गावात जायचे, घरोघरी प्रत्येकाचे अंग उजेडात पाहायचे, लोकांशी बोलायचे आणि तिथेच गोळ्या द्यायच्या. पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने हीच वाट धरली.

या पद्धतीचा विचार करताना मला तो रात्री आरसा घेऊन बसलेला माणूस आठवतो. त्याच्या तळव्याची कळ त्याच्यापर्यंत पोचत नव्हती, म्हणून तो नजर पोचवत होता. गावकुसाबाहेरच्या माणसाची कळ समाजापर्यंत पोचत नव्हती, म्हणून वर्ध्याने घरोघरी नजर पोचवली. सर्वेक्षण हा कोरडा सरकारी शब्द आहे. त्याचा अर्थ इतकाच की जिथे मला दुखत नाही तिथे मी रोज पाहीन. कळकळीची सवय करता येते, हे या जिल्ह्याने सिद्ध केले.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बहुविध औषधोपचार भारतात ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत वर्धा होता. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफॅझिमिन; सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो आणि औषध मोफत मिळते. डिसेंबर २००५ मध्ये भारताने दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे राष्ट्रीय उद्दिष्ट गाठले. २०१९ साली कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून काढले गेले. हे सारे आपले यश आहे. पण त्यानंतर आपली नजर सैलावली. जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. मेंदू हळूहळू होणाऱ्या तोट्याची तक्रार करत नाही, असे मी म्हणालो ते याचसाठी.

नसेला सूज येऊन बधिरता सुरू झाल्यापासून पहिल्या सहा महिन्यांत उपचार मिळाले, तर गेलेली संवेदना पुष्कळदा परत येते. त्यानंतर आशा कमी होत जाते. म्हणून सगळे काही लवकर पाहण्यावर अवलंबून आहे. या रोगाचा चट्टा खाजत नाही, दुखत नाही. तो पाठीवर असेल तर ज्याच्या अंगावर आहे त्याला तो दिसतही नाही आणि जाणवतही नाही. तो फक्त दुसऱ्याला दिसू शकतो. घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची, वसतिगृहातल्या मुलाची, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या मजुराची पाठ शेवटची कोणी पाहिली?

मित्रहो, आज घरी गेल्यावर तुमच्या घरातल्या एका माणसाला उजेडात पाठमोरे उभे करा. फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला तर डोळे मिटायला सांगा आणि कापसाचे टोक त्यावर टेकवा. तो शांत उभा राहिला, तर त्याचा हात धरा आणि त्याला उद्याच दवाखान्यात घेऊन जा.